सर्व्हरला पत्ता सापडत नाही तेव्हा

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. नोकरीला नुकतीच लागलेली मुलगी रात्रपाळीला एकटीच बसलेली असते. "सकाळपर्यंत सर्व्हर अपडेट करून ठेव," असे सांगून साहेब घरी गेलेले असतात. ती आज्ञा देते आणि पडद्यावर ओळ उमटते : ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ आणि पुढे एक लांबलचक नाव. तिच्या छातीत धस्स होते. आपल्या हातून सर्व्हर बिघडला की काय? नोकरी तर जाणार नाही ना?

वाचक हो, आज गिरणी कामगार, सफाई कामगार, रिक्षाचालक यांची मुले-मुली या कामात आली आहेत. शिकवणीवर्गात आज्ञा पाठ होतात. पण आज्ञा अडली तर काय करावे हे फार थोड्यांना सांगितले जाते. घाबरलेला माणूस मग दिसेल ते बदलत सुटतो, किंवा सगळे पुसून नव्याने भरायला घेतो. त्याची गरज नसते. सर्व्हर बहुधा शाबूत असतो. त्याला फक्त पत्ता सापडलेला नसतो.

नाव आणि नंबर

माणसाला नावे लक्षात राहतात, यंत्रांना नंबर लागतात. उबंटूचा सर्व्हर नवी पॅकेजेस आणायला निघतो तेव्हा त्याच्याकडे ‘आर्काइव्ह डॉट उबंटू डॉट कॉम’ असे नाव असते. त्या नावाचा नंबर कोणता, हे तो आधी नेमसर्व्हरला विचारतो. आपण टेलिफोन डिरेक्टरीत नंबर शोधत असू, तसेच हे.

पूर्वी सगळ्या यंत्रांच्या नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. यंत्रे वाढली, यादी पुरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली. एका यादीऐवजी काम अनेकांत वाटले गेले. आजही जगाचा कारभार त्याच पद्धतीवर चालतो.

तेव्हा वरच्या ओळीचा अर्थ एवढाच : नंबर विचारला, उत्तर आले नाही. ‘टेम्पररी’ या शब्दावर विसंबून मात्र बसू नये. मूळ कारण दूर होईपर्यंत ही ‘तात्पुरती’ अडचण आठवडाभरही राहू शकते.

जवळून लांब जावे

कार्यालयात फाइल हरवली तर आपण आधी आपले टेबल पाहतो, मग शेजारचे, मग दुसरा विभाग. येथेही तसेच करावे. (खालील आज्ञा व आकडे संगणकावर अर्थातच इंग्रजी लिपीत द्यायचे.)

पहिली गोष्ट, ओळीतले नाव नीट वाचा. काही कार्यालयांत बाहेर जाण्यासाठी प्रॉक्सी असतो. कधीकधी न सापडलेले नाव पॅकेजच्या भांडाराचे नसून बंद झालेल्या जुन्या प्रॉक्सीचे असते.

दुसरी, लाइन चालू आहे का ते पाहा. ‘पिंग १.१.१.१’ देऊन बघा. नंबरला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर लाइन ठीक आहे, दोष नावाच्या बाजूला आहे. नंबरलाही उत्तर नसेल तर ‘आयपी रूट’ देऊन बाहेरची वाट नोंदलेली आहे का ते पाहावे. मात्र काही ठिकाणी पिंग मुद्दाम बंद ठेवलेले असते, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये.

तिसरी, दुसरे एखादे ओळखीचे नाव विचारा. त्यासाठी ‘गेटएंट होस्ट्स’ ही आज्ञा चांगली; पॅकेज आणणारा प्रोग्राम साधारण ज्या वाटेने विचारतो, त्याच वाटेने ती विचारते. एकच नाव अडते की सगळी अडतात? साऱ्या तपासाचे हे नाक आहे.

सगळीच नावे अडत असतील

मग आपला सर्व्हर कोणाला विचारतो ते पाहा. ‘ईटीसी’ या फोल्डरमधील ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ ही फाइल उघडा. ती रिकामी आहे का? जुन्या, बंद यंत्राचा नंबर आहे का? उबंटूत तेथे १२७.०.०.५३ दिसेल. ती चूक नव्हे. तो त्याच सर्व्हरमधला मदतनीस आहे. तो पुढे कोणाला विचारतो, हे ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सांगते.

येथे अनेकजण फसतात. त्या फाइलमध्ये थेट ८.८.८.८ लिहितात, काम होते, शाबासकी मिळते. सर्व्हर पुन्हा चालू झाला की फाइल नव्याने लिहिली जाते आणि दुखणे परत येते. उबंटूच्या सर्व्हरवर हा बदल सहसा नेटप्लॅनमध्ये करावा लागतो.

शेवटी ‘डिग’ या आज्ञेने बाहेरच्या नेमसर्व्हरला थेट विचारा. त्याने उत्तर दिले तर आपला नेमलेला नेमसर्व्हर नादुरुस्त आहे. त्यानेही दिले नाही तर ५३ क्रमांकाचे पोर्ट फायरवॉलमध्ये अडवलेले असण्याचा संभव आहे. काही कार्यालये फक्त स्वतःचाच नेमसर्व्हर वापरू देतात. तो नियम परस्पर मोडू नये. नेटवर्क विभागाला कळवावे.

एकच नाव अडत असेल

बाकी नावे मिळतात आणि एकच मिळत नाही, तर आधी स्पेलिंग तपासा. ते बरोबर असेल तर नावच हयात आहे का, हे पाहा.

सेंटओएस ७ या प्रणालीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्यानंतर ‘मिररलिस्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग’ हे नाव बंद झाले. ज्या सर्व्हरवर ‘यम’ने वर्षानुवर्षे अपडेट होत होते, तेथे अचानक ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’ असे येऊ लागले. अशा वेळी नेमसर्व्हर कितीही बदलला तरी उपयोग नाही. जे नाव उरलेच नाही, ते कोण सांगणार?

जुनी पॅकेजेस ‘व्हॉल्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग’ येथे जपून ठेवली आहेत. ‘यम डॉट रेपोज डॉट डी’ मधील फाइलींत तो पत्ता घातला की ओरड थांबते. पण ओरड थांबली म्हणजे आजार गेला असे नव्हे. तेथे जुने तेच मिळते. सुरक्षेची नवी दुरुस्ती येत नाही. दाराला नवे कुलूप मिळणार नाही आणि चोर मात्र नवनवीन किल्ल्या करीत राहणार. म्हणून असा सर्व्हर अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्ससारख्या चालू प्रणालीवर नेणे हाच खरा उपाय. तो निर्णय वरिष्ठांचा असतो. पण धोका लेखी कळवणे हे कामावरच्या माणसाचे कर्तव्य आहे.

नोंद ठेवावी

काय दिसले, काय तपासले, काय बदलले आणि किती वाजता, हे लिहून ठेवावे. कोणतीही फाइल बदलण्याआधी तिची प्रत ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा. सकाळी साहेब विचारतील, "रात्री काय झाले?" तेव्हा हातात कागद असलेल्या मुलीला खाली मान घालून उभे राहावे लागत नाही.

आणि आई-वडिलांनो, तुम्हाला यातले सगळे समजले नाही तरी हरकत नाही. रात्री घाबरून मुलाचा फोन आला तर त्याला एवढेच विचारा : "बाळा, एकच नाव अडतंय की सगळी?" पुढची वाट तो स्वतः शोधील.