डोळ्यांची आग थांबली, म्हणजे डोळे बरे झाले का?

एका रिलीजच्या आधी तीन महिने मी रोज दहा-बारा तास स्क्रीनसमोर होतो. सुरुवातीला डोळे चुरचुरायचे, संध्याकाळी आग व्हायची. मग ते हळूहळू कमी झालं आणि मी खूश. चष्मा कायमचा घालवायचा म्हणून लॅसिकची चौकशी करायला गेलो, तर डॉक्टरांनी तपासून विचारलं, "एवढा कोरडेपणा आहे, त्रास होत नाही?" नाही म्हटल्यावर त्यांनी कापसाचा बारीक धागा डोळ्याला लावून बघितला. मला तो जेमतेम जाणवला.

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बरा झाला नव्हता, अलर्ट पाठवणारा सेन्सरच बंद पडत चालला होता.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नसतात, पण मज्जातंतूंची इतकी दाट जाळी शरीरात क्वचितच कुठे सापडेल. कचरा गेला की ओरडणं एवढंच त्यांचं काम नाही. काही तंतू सतत तापमान मोजत असतात. अश्रूंचा थर वाळायला लागला की पृष्ठभाग किंचित थंड होतो, तो बदल टीआरपीएम8 नावाचं प्रथिन टिपतं (पुदिन्याचा थंडावा जाणवतो तो ह्याच्यामुळेच!) आणि मेंदूकडून पापणी मिटायचा, अश्रू सोडायचा हुकूम येतो. दिवसभर आपल्या नकळत हे लूप चालू असतं.

स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो. अश्रू उडून जातात, उरलेले जास्त खारट होतात, पेशींना सूज येते आणि तंतूंची टोकं दुखावतात. कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली असे तंतू विरळ, वेडेवाकडे, मण्यांसारख्या गाठी आलेले दिसतात. मग दोनपैकी काहीतरी होतं. काहींचे तंतू उगाचच पेटतात, पंख्याचा वारासुद्धा झोंबतो, आणि तपासणीत मात्र डोळा ठीकठाक दिसतो. अशा लोकांना घरचे "काही नाही रे, मनाचे खेळ" म्हणतात, ते चूक आहे. 2017 साली कोरड्या डोळ्यांची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या सुधारली, त्यात मज्जातंतूंचा बिघाड हे कारण म्हणून धरलेलं आहे. बधिर करणारा थेंब टाकूनही दुखणं राहिलं तर मूळ कॉर्नियाच्या पलीकडे, मेंदूकडच्या वाटेवर असू शकतं. (ही तपासणी डॉक्टरांनीच करायची. तो थेंब घरी वापरला तर कॉर्निया खराब होतो.)

दुसरा प्रकार माझा. जाणीव बोथट, म्हणून अश्रू कमी, म्हणून कोरडेपणा आणखी, म्हणून जाणीव आणखी बोथट.

आणि लॅसिकमध्ये कॉर्नियाची चकती उचलताना हेच तंतू कापले जातात. ते परत वाढायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे सध्या प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब, सूज कमी करायचं औषध आणि मॉनिटर डोळ्यांच्या पातळीपेक्षा जरा खाली. चष्मा आहेच.