वाघ-बकरी

बुद्धिबळाच्या पटावर दोन सेना समोरासमोर उभ्या राहतात. राजा, वजीर, हत्ती, घोडे, उंट आणि प्यादी दोहींकडे सारख्याच संख्येने असतात. परंतु जगातील सर्वच लढाया अशा बरोबरीच्या नसतात. एका बाजूला बळ आणि दुसऱ्या बाजूला केवळ संख्या, अशी लढाई मांडणारा एक जुना खेळ आपल्याकडे आहे. त्याचे नाव वाघ-बकरी.

मुळशीसारख्या डोंगराळ मुलखात या खेळाचे मर्म चटकन ध्यानात येते. शेळ्यामेंढ्या हे गरीब कुटुंबाचे धन, आणि त्या धनावर टपलेले श्वापद रानात असायचेच. बिबट्या आजही संधी साधून शेळी उचलून नेतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ठिकठिकाणी वाघजाईची देवळे आहेत. वाघाविषयी वाटणारा धाक आणि आदर या दोहोंची ती साक्ष देतात.

या खेळाचे अनेक प्रकार आहेत. तमिळनाडूत तीन वाघ व १५ बकऱ्यांचा ‘आडु पुली आट्टम’ खेळतात. हंपीच्या दगडी फरशांवर अशा खेळांचे पट कोरलेले आढळतात. येथे आपण नेपाळात ‘बाघ-चाल’ या नावाने प्रसिद्ध असलेला प्रकार पाहू.

प्रथम एक मोठा चौकोन काढून त्याचे चार समान चौकोन करावेत. मग प्रत्येक लहान चौकोनात दोन्ही कर्ण आणि मधोमध एक आडवी व एक उभी रेघ ओढावी. रेघा जेथे मिळतात ती घरे. अशी २५ घरे होतात. चार कोपऱ्यांत चार वाघ बसतात. बकऱ्या २०, त्या आरंभी पटाबाहेर असतात. वाघांसाठी खडे आणि बकऱ्यांसाठी चिंचोके घेतले तरी चालतात.

पहिली खेळी बकरीवाल्याची. तो प्रत्येक खेळीला एक बकरी रिकाम्या घरात ठेवतो. सर्व बकऱ्या पटावर येईपर्यंत कोणतीही बकरी हलवता येत नाही. वाघ मात्र पहिल्यापासून रेघेवरून शेजारच्या रिकाम्या घरात जाऊ शकतो. शेजारी बकरी असेल आणि त्याच रेघेत तिच्यापलीकडचे घर रिकामे असेल, तर तो तिच्यावरून उडी घेऊन तिला मारतो. पाच बकऱ्या मारल्या की वाघ जिंकले. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही, तर बकऱ्या जिंकल्या.

वाघापुढे बकरीचा निभाव कसा लागावा, असे कोणालाही वाटेल. परंतु नियम नीट पाहा. वाघाची सारी शक्ती पलीकडच्या रिकाम्या घरावर अवलंबून आहे. बकरीच्या पाठीशी दुसरी बकरी उभी असली, की त्या बाजूने वाघाची उडी खुंटते. पटाच्या मध्यावरील बकरीवर चार रेघांवरून हल्ला होऊ शकतो. काठावरील बकरीवर केवळ एकाच रेघेवरून. म्हणून जाणता खेळाडू आधी काठ धरतो आणि मग बकऱ्या एकमेकींच्या आधाराने आत सरकवतो. एकही बकरी न गमावता २० बकऱ्या पटावर आल्या, तर २४ घरे भरतात आणि वाघांना वावरायला एकच घर मोकळे राहते!

मग खरा बलवान कोण? लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने या प्रश्नाचा छडा लावला. २००९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील निष्कर्ष असा, की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे चार वाघ आणि २० बकऱ्या तराजूच्या दोन पारड्यांत ठेवल्या, तर काटा मधोमध राहतो.

विषम सेनांची ही कल्पना इतरत्रही दिसते. युरोपात एक कोल्हा आणि अनेक हंस यांचा खेळ प्रसिद्ध आहे. अमेरिकेत १९८० साली ‘टायटन’ नावाचा पटखेळ निघाला. त्यात चित्रविचित्र राक्षसी प्राण्यांच्या सेना झुंजतात. आणि मौज ही, की तेथेही लहान प्राणी एकत्र जमवल्यावाचून मोठा प्राणी सेनेत दाखल होत नाही.

वाघ-बकरीचा एक डाव खेळून थांबू नये. दुसऱ्या डावात बाजू अवश्य बदलावी. वाघ होऊन खेळताना बकऱ्यांच्या फळीतील फट शोधण्याची दृष्टी येते. बकरी होऊन खेळताना ती फट बुजवण्याचे भान येते. ज्याने दोन्ही बाजूंनी पट पाहिला, तो बलवानाला उगीच भीत नाही आणि दुबळ्याला हिणवतही नाही. खडूचा एक तुकडा आणि मूठभर चिंचोके एवढ्या भांडवलावर हे शिक्षण मिळते. असा खेळ आपल्या अंगणातून नाहीसा होऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.