ग्रंथालयाचें नवें दार

ग्रंथालय म्हटलें कीं ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु हल्लीं पुष्कळ वाचकांचा ग्रंथालयांतील पहिला प्रवेश त्याच्या वेब पृष्ठावरून होतो. हें पृष्ठ म्हणजे ग्रंथालयाचें दारच होय; आणि तें कसें रचलें आहे, यावर आंत कोणास येतां येईल हें ठरतें.

शियाली रामामृत रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं, त्यांतील चौथें वाचकाचा वेळ वांचविण्याविषयीं आहे. त्या कसोटीवर पृष्ठावरील शब्द प्रथम तपासावे. ‘ओपॅक’ हा शब्द ग्रंथपालाच्या नित्य परिचयाचा. नवागत वाचक मात्र त्यापाशींच अडतो. तेथें ‘पुस्तक शोधा’ एवढें लिहिल्यास काम भागतें. तीच गोष्ट नांवांची. ज्यास केशवसुतांची कविता हवी, तो ‘केशवसुत’ असेंच लिहिणार. सूचींत ‘कृष्णाजी केशव दामले’ एवढीच नोंद असून दोन्ही नांवें जोडलेलीं नसतील, तर ‘एकही ग्रंथ आढळला नाहीं’ असें उत्तर येतें, आणि वाचक तें खरें मानून परततो. ग्रंथ कपाटांत असूनही त्याच्यापुरता नसल्यासारखाच होतो.

ज्यांची दृष्टि अधू आहे, त्यांचें नुकसान याहून मोठें. पांढऱ्या भूमीवर फिकट करडीं अक्षरें नाजूक दिसतात खरीं, पण त्यांस तीं वाचवत नाहींत. म्हणून वेबविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सामान्य आकाराचीं अक्षरें व त्यांमागील रंग यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ : १ असावें, असें सांगितलें आहे. अंध वाचक तर संगणकाकडून पृष्ठ वाचून घेतो. ‘उद्यां ग्रंथालय बंद’ ही सूचना केवळ चित्ररूपानें लाविली व सोबत मजकूर दिला नाहीं, तर ती त्याच्या कानांपर्यंत पोहोंचेलच असें नाहीं. डोळस वाचक घरीं राहतो. अंध वाचक मात्र दुसरे दिवशीं येऊन कुलूप चांचपून परततो.

हे दोष बहुधा बुद्धिपुरस्सर होत नाहींत. पृष्ठ रचणाऱ्यास ग्रंथालयाची माहिती असते, त्याचे डोळे निकोप असतात, आणि तो आपल्याच अनुभवावरून पृष्ठ पारखतो. उपाय साधा आहे. पांचसहा निरनिराळ्या वाचकांस एकेक पुस्तक शोधावयास सांगावें, आणि आपण कांहीं न सुचवितां ते कोठें अडखळतात हें पाहावें. ‘पृष्ठ आवडलें काय?’ असें विचारण्यापेक्षां यांतून अधिक कळतें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें अशीं पृष्ठें रचतील. त्यांनीं सौंदर्य अवश्य साधावें; पण ज्या दारांतून नवखा व अधू दृष्टीचा वाचकही सुखानें आंत येतो, तेंच दार चांगलें, हें विसरूं नये.