दिसते, पण उमजत नाही

जन्मल्यापासून मूल प्रकाशातच वावरते. तरी विज्ञानाच्या पुस्तकातील प्रकाशाचा धडा अनेक मुलांना अवघड का जातो?

‘समोरचे झाड कसे दिसते?’ असे विचारले, तर लहान विद्यार्थी सांगतो, ‘मी त्याच्याकडे बघतो, म्हणून.’ सूर्यप्रकाश झाडावर पडून तेथून आपल्या डोळ्यांत शिरतो, हे त्याच्या मनात येत नाही. आपली भाषाही त्याचीच बाजू घेते. आपण नजर ‘टाकतो’, नजर दूरवर ‘जाते’.

या उत्तराला मठ्ठपणा समजू नये. युक्लिड, टॉलेमी यांसारखे ग्रीक पंडितही डोळ्यांतून किरण निघतात, असेच मानीत. आपल्याकडे नैयायिकांचे मतही तसेच होते. डोळा स्पर्शाने जाणत असता, तर त्याला लागलेले काजळ त्यास दिसले असते, असा प्रतिवाद जैन आचार्यांनी केला. पुढे सुमारे १,००० वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम यांनी प्रकाश वस्तूकडून डोळ्यांकडे येतो, हे सप्रमाण मांडले. जे उमजण्यास विद्वानांना शतके लागली, ते मुलाने एका तासिकेत स्वीकारावे, ही आपली अपेक्षा!

दुसरी अडचण वेगाची. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. बटण दाबताच खोली उजळते. प्रवास दिसतच नाही. म्हणून ‘प्रकाश कोठे आहे?’ या प्रश्नावर मूल दिव्याकडे किंवा भिंतीवरील उजळ ठिपक्याकडे बोट दाखवते. मधली जागा त्याला रिकामीच वाटते. वहीत बाणांची आकृती अचूक उतरते, गुणही मिळतात. मनातील जुनी समजूत मात्र तशीच राहते.

यावर उपाय खर्चिक नाही. झरोक्यातून आलेल्या कवडशात धूलिकण चमकतात, तेव्हा प्रकाशाची वाट दिसते. अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या झोतासमोर उदबत्तीचा धूर धरला, तरी तीच सरळ वाट उमटते. दुकानात ग्राहक साडीचा रंग पारखण्यासाठी ती दाराशी उजेडात नेतो. तो असे का करतो, हे मुलाला विचारावे. साडी तीच, डोळे तेच; बदलला तो केवळ तिच्यावर पडणारा प्रकाश.

मुलाचे उत्तर चुकले, तरी पालकांनी ते आधी पूर्ण ऐकून घ्यावे. त्याची समजूत कळली, तरच ती बदलता येईल.