कर्ण मोजणारी मुलं

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं पाबळ बाहेरच्यांना ठाऊक असतं ते मस्तानीच्या समाधीमुळे. पर्जन्यछायेतलं, कोरडवाहू शेतीचं हे गाव. 1983 साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग इथे येऊन राहिले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेला, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात मुरलेला हा शास्त्रज्ञ पन्नाशी उलटल्यावर खेड्यात आला तो शाळेत न रमलेल्या मुलांसाठी. नापास झालेला मुलगा बुद्धीने कमी नसतो, त्याला शिकवायची आपली रीत चुकते, असं कलबागांचं ठाम मत होतं. मला ते शंभर टक्के पटतं.

आश्रमातला मुख्य अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि निवासी आहे: मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची त्याला मान्यता आहे. वर्कशॉप व बांधकाम, वीज व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चारही विभागांत प्रत्येकाला काम करावं लागतं. मुलगी म्हणून वेल्डिंगमधून सुटका नाही, मुलगा म्हणून स्वयंपाकघरातून नाही.

वर्कशॉपमधलं एक साधं काम घेऊ: टेबलाची लोखंडी चौकट. वरचा भाग 90 बाय 60 सेंटिमीटर, पाय 75 सेंटिमीटरचे. वरच्या चौकटीला 3 मीटर अँगल लागतो, चार पायांना आणखी 3. बाजारात अँगलची लांबी साधारण 6 मीटरच मिळते, म्हणजे कागदावर हिशेब चोख जमला. पण हॅक्सॉचा प्रत्येक काप मिलिमीटरभर लोखंड खातो, आणि शेवटचा पाय आखूड पडतो. तेव्हा कापायच्या आधी विचार करायचा, पाय थोडे कमी धरायचे की दुसरी लांबी आणायची?

तुकडे कापून झाले की गुण्या लावून कोपरे जुळवायचे. इथे नवशिक्याचा हात घाई करतो. एका कोपऱ्याला पूर्ण वेल्डिंग मारलं की तापलेलं लोखंड निवताना आकसतं आणि अख्खी चौकट ओढली जाते. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारायचे, मग टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही 108 सेंटिमीटरच्या किंचित पुढे, अगदी सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. एक जास्त भरला तर हातोडीचा हलका ठोका आणि पुन्हा माप. पायथागोरसचा सिद्धान्त परीक्षेत ज्याला कधी आठवला नाही, तो इथे त्याच्याच भरवशावर काम करतो.

टेबल झालं तरी काम संपत नाही. 25 बाय 25 बाय 3 मिलिमीटरचा अँगल मीटरला साधारण 1.1 किलो भरतो. त्यावरून लोखंडाची किंमत काढायची, मग वेल्डिंग रॉड, वीज, रेड ऑक्साइड, रंग आणि मजुरी धरायची. या कॉस्टिंगला मी सगळ्यात जास्त मोल देतो. कारागिरी अंगात असूनही आपल्या वेळेचा दाम न लावता आल्यामुळे कर्जात गेलेली माणसं गावोगाव दिसतात. आश्रमाची मुलं गावाची कामं पैसे घेऊन करतात, त्यामुळे हिशेब चुकला तर तो खराच चुकतो.

आश्रमाचं नाव तंत्रज्ञानातही झालं. त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभे राहणारे, मधे खांब नसलेले पाबळ डोम इथलेच. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या कल्पनेतली फॅब लॅब इथे आली. जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक. पुढच्याच वर्षी कलबाग गेले. काम थांबलं नाही, कारण ते एका माणसाभोवती न ठेवता त्यांनी अभ्यासक्रमात बांधून ठेवलं होतं.

या कामाचा दुसरा भाग पाबळबाहेर पोहोचला. माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘आयबीटी’, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. आठवड्यातला एक दिवस मुलं हाताने काम करतात, तेही सगळी मुलं. ‘ढ’ मुलांना वेगळं काढून वर्कशॉपमध्ये धाडायची पद्धत इथे नाही, आणि मला वाटतं याच एका गोष्टीत आयबीटीचं बळ आहे. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेली, हातकामातून शिकवणारी नई तालीम हेच सांगत होती. आपण मात्र हातकाम ही हरलेल्यांची वाट ठरवून बसलो. काही आठवड्यांत एकाच कामाची तयारी करून प्रमाणपत्र देणारे कौशल्य वर्ग आज गल्लोगल्ली निघाले आहेत. ते काम गेलं की त्या मुलाच्या हाती काय उरतं?

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत घालवायला सांगितले आहेत. सुरुवात म्हणून ते स्वागतार्हच. पण दहा दिवसांत मूल फार तर टाका मारायला शिकेल. कर्ण मोजून, चुकलेली चौकट तोडून पुन्हा जोडायला आठवड्याचा तो एक दिवस तीन वर्षं द्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येक माध्यमिक शाळेत एक शेड, हत्यारं आणि वेळेवर पगार मिळणारा गावातलाच निदेशक हवा. शिक्षण खात्याने अंदाजपत्रक मांडताना ही तीन कलमं आधी लिहावीत.