माथेरानच्या घरासाठी सरकती खिडकी

रचना. आडव्या ट्रॅकवर लहान चाकांनी सरणारी, एकमेकींमागे जाणारी तावदाने. दोन ट्रॅकच्या खिडकीत एका वेळी निम्माच गाळा उघडतो, बिजागरीची खिडकी मात्र पूर्ण उघडते. डासांची जाळी हवी असल्यास तिसरा ट्रॅक.

पाऊस. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या या पठारावर, जेथे नैर्ऋत्येचा मोसमी वारा पावसाची सर आडवी करून भिंतीवर आणतो, तेथे खालच्या ट्रॅकच्या पन्हळीतील पाणी बाहेर सोडणारी बारीक छिद्रे हेच या खिडकीचे मर्मस्थान होय. तांबड्या मातीने ती बुजली, की पन्हळ भरून पाणी खोलीत उतरते. पावसाळ्यापूर्वी ती दाभणाने मोकळी करण्याची तजवीज असावी. बिजागरीची झडप रबरी पट्टीवर दाबून बसते, म्हणून पश्चिमेच्या भिंतीस तीच अधिक भरवशाची.

चौकट. सागवान दमट हवेत फुगते, त्यामुळे सरकते तावदान अडकते. ॲल्युमिनियम व यूपीव्हीसी फुगत नाहीत.

माकडे. कडी नसलेले तावदान सरकवणे त्यांना अवघड नाही. बाहेरून लोखंडी जाळीचा बंदोबस्त हवाच.

वाहतूक. २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या माथेरानात दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींस मज्जाव आहे. सामान घोड्यांवरून किंवा हातगाडीने जाते. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, सबब गिलावा पुरा झाल्यावरच माप घ्यावे.