संधानाला हवी स्थिर उष्णता : विजेवर चालणारी लहान आसव-अरिष्ट यंत्रणा

आयुर्वेदीय औषधीकरणात संधान कल्पनेला अनन्यसाधारण स्थान आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवांचा निर्देश केला आहे. शार्ङ्गधरांनी मध्यमखंडात आसव व अरिष्ट यांतील भेद स्पष्ट करून, जेथे मान सांगितलेले नाही तेथे द्रव एक द्रोण, गूळ एक तुला, मध गुळाच्या निम्मा व प्रक्षेप गुळाच्या दशमांश असा सामान्य नियम दिला आहे. परंतु मान अचूक घेऊनही मे महिन्यात लावलेले अरिष्ट आंबट होते आणि पौषात लावलेले महिनाभर निपचित पडून राहते, ही परभणी जिल्ह्यातील अनेक वैद्यांची नित्याची तक्रार आहे. या दोन्ही दोषांचे एक मोठे कारण तापमान हे आहे. त्याचे नियंत्रण अल्प खर्चात करता येते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

देश आणि काल यांचा विचार

जिंतूरपासून गंगाखेडपर्यंतच्या आपल्या प्रदेशात मे महिन्याच्या दुपारी तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरते. धायटीच्या फुलांसोबत येणारी किण्वे २५ ते ३० अंशांच्या दरम्यान उत्तम कार्य करतात. १५ अंशांच्या आसपास ती मंदावतात. ३५ अंशांच्या वर त्यांच्यावर ताण पडतो, अम्लकारक जीवाणूंना वाव मिळतो आणि अरिष्ट शुक्ताकडे झुकते. अशा द्रव्यात औषधी काढा, गूळ, मध व श्रम सर्वच वाया जातात. त्याहून गंभीर गोष्ट ही की, चवीत फारसा फरक न जाणवल्यास ते रुग्णाच्या हाती जाण्याचा संभव असतो.

संधानपात्र धान्यराशीत ठेवावे, या ग्रंथोक्त विधीचे मर्म येथे लक्षात येते. धान्याची रास ही उष्णतारोधक असते. दिवसाचा ताप व रात्रीचा गारवा पात्रापर्यंत पोहोचू न देणे, हे तिचे कार्य. मराठवाड्यातील ज्वारीची पेवेही याच तत्त्वावर उभी होती. आज दवाखान्याच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बरणीला हे संरक्षण नसते. म्हणून विजेच्या साहाय्याने आधुनिक धान्यराशी उभी करावयाची आहे, असे समजावे.

क्वाथपात्र

आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियाच्या मानाप्रमाणे द्रोण म्हणजे १२.२८८ लिटर व तुला म्हणजे ४.८ किलो. (द्रवद्वैगुण्याचा विचार प्रत्येक पाठानुसार करावा.) चतुर्थांश काढा करून एक द्रोण उरवावयाचा, तर आरंभी सुमारे ४९ लिटर पाणी घ्यावे लागते. त्यासाठी ४० सेंटिमीटर व्यासाचे व ५० सेंटिमीटर उंचीचे, ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे पातेले पुरते. लोखंडी पात्र वर्ज्य करावे, कारण हरीतकीसारख्या कषाय द्रव्यांनी काढा काळा पडतो.

या पातेल्यात शेवटी उरणारा द्रव तळापासून सुमारे दहा सेंटिमीटरच राहतो. त्यामुळे तापक तळापासून पाच-सहा सेंटिमीटरच्या आत बसवावा, अन्यथा तो उघडा पडून जळतो. भरड तापकावर बसून करपू नये म्हणून वर सच्छिद्र पत्र्याची जाळी ठेवावी.

विजेचा हिशोब आधीच करून ठेवणे हिताचे. ४९ लिटर पाणी उकळीस आणण्यास सुमारे ४ युनिट व त्यातील ३७ लिटरची वाफ करण्यास सुमारे २३ युनिट, असे एकूण २७ युनिट लागतात. उष्णतेचा व्यय यात धरलेला नाही. ३ किलोवॉटच्या तापकास त्यामुळे नऊ तासांहून अधिक काळ लागेल. हा तापक सुमारे १३ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. म्हणून त्यास स्वतंत्र वायरिंग, एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि उत्तम अर्थिंग अनिवार्य आहे. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

काढा उकळू लागल्यावर तापमान नियंत्रकाचा उपयोग संपतो, हे मात्र ध्यानात असू द्यावे. आपल्या जिल्ह्याच्या उंचीवर पाणी १०० अंशांच्या किंचित खालीच उकळते आणि उकळता काढा तेथेच स्थिर राहतो. आच मंद असो वा तीव्र, तापमापक जवळजवळ तोच आकडा दाखवितो. मृदू अग्नी हवा असेल तर तापमान नव्हे, तर तापकाची शक्ती कमी करावी लागते. यासाठी टक्केवारीने शक्ती ठरविता येईल असा नियंत्रक व सॉलिड स्टेट रिले घ्यावा. वाफ कोंडू नये म्हणून पात्र उघडेच ठेवावे.

संधानकक्ष

नियंत्रकाचे खरे काम येथे सुरू होते. एक द्रोण काढा, ४.८ किलो गूळ, २.४ किलो मध व ४८० ग्रॅम प्रक्षेप यांचे आकारमान सुमारे साडेसतरा लिटर होते. पात्राचा चौथा भाग रिकामा ठेवावयाचा, म्हणून २५ लिटरचे स्टीलचे पात्र घ्यावे. काढा ४० अंशांच्या खाली, म्हणजे कोष्ण झाल्याची तापमापकावर खात्री करूनच धायटी टाकावी. उकळत्या काढ्यात किण्वे मरतात.

हे पात्र मावेल असा, कॉम्प्रेसर चालू स्थितीत असलेला जुना फ्रीज हा सर्वांत स्वस्त कक्ष होय. त्यातील फळ्या काढून टाकाव्यात. दोन रिले असलेल्या डिजिटल थर्मोस्टॅटच्या एका रिलेवर फ्रीज व दुसऱ्यावर आच्छादित ६० वॉटचा दिवा जोडावा. तापमान २७ अंशांवर व फरक एक अंशावर ठेवावा. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटांचा विलंब ठेवावा. संवेदक कक्षातील हवेत लोंबता ठेवू नये. संधान जोरात असताना पात्रातील द्रव भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी उष्ण असतो. म्हणून संवेदक पात्राच्या भिंतीस चिकटवून वरून थर्माकोलचा तुकडा बांधावा.

संधिबंधन करताना वायू बाहेर पडण्यास मार्ग हवा. झाकणातून नळी काढून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवावे. त्यामुळे वायू बाहेर जातो आणि हवा आत येत नाही. कक्षात साठणारा कार्बन डायऑक्साइड जीवघेणा ठरू शकतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, हे आपल्याकडील जुनी माणसे जाणत. खोलीत वायुवीजन ठेवावे.

परीक्षण व नोंद

बुडबुड शांत होणे, प्रक्षेप तळाशी बसणे व पात्राच्या तोंडाशी नेलेली काडी न विझणे ही संधान पूर्ण झाल्याची लक्षणे आपण जाणतोच. त्यांच्या जोडीला विशिष्ट गुरुत्वाची नोंद हायड्रोमीटरने घ्यावी. सलग तीन दिवस आकडा स्थिर राहिल्यावरच पात्र गाळावे. आयुर्वेदिक फार्माकोपियात अनेक अरिष्टांसाठी स्वयंजनित मद्यांश ५ ते १० टक्के अपेक्षिला आहे. तो प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. प्रत्येक घाण्याचे तापमान सकाळ-सायंकाळ वहीत लिहावे. पुढील घाणा बिघडल्यास कारण शोधण्याचे तेच साधन.

शेड्यूल टी मध्ये, स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करून बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना सूट आहे. विक्री करणाऱ्या फार्मसीस मात्र परवाना व सर्व निकष लागू होतात. अबकारी नियमांची माहिती संबंधित कार्यालयातून घेऊनच आरंभ करावा.

ज्या वैद्यबंधूंची ऐपत एकाच भागाची आहे, त्यांनी प्रथम संधानकक्ष उभारावा. काढा चुलीवर वा गॅसवरही उत्तम होतो, कारण उकळीचे तापमान निसर्गच स्थिर राखतो. संधानाचे तापमान मात्र परभणीच्या उन्हाळ्यात व हिवाळ्यात आपणच राखावयाचे आहे. वीज खंडित झाल्यास पात्रातील द्रव बंद कक्षात काही तास तग धरतो. त्यामुळे भारनियमनाची सबब पुढे न करता येत्या उन्हाळ्यापूर्वी एक लहान घाणा अवश्य लावून पाहावा.